वाक्य संपेपर्यंत बघायचं

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून माझंही शेवटचं वर्ष पुरं व्हायचं आहे. आमच्याकडे कागदावर काही लिहायचं म्हणजे अर्ज, नाहीतर लग्नात कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी. आठवणी लिहिणारा माणूस वयानं मोठा असावा, त्याला काहीतरी कळलेलं असावं, असं मला वाटतं. मला तर गेल्या वर्षीची एक गोष्टच अजून नीट कळलेली नाही. लिहून काढली तर कळेल अशी आशा आहे. नाही कळली तर वाचणाऱ्यानं राग मानू नये.

गोष्ट भाषण करताना समोरच्या माणसाकडे बघण्याची आहे. ऐकायला साधी वाटते. तिच्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न अडकलं होतं.

मी तेव्हा बारामतीत दुसऱ्या वर्षाला होतो आणि खोली घेऊन राहत होतो. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, सणसरच्या पुढं, रस्ता सोडून आत. गावातून शिकायला आलेल्या आम्हा चार-पाच जणांचे डबे रोज सकाळच्या एस.टी.नं यायचे. ड्रायव्हरच्या पाठीमागं पिशव्या ठेवलेल्या असायच्या. स्टँडवर जाऊन आपली पिशवी उतरवून घ्यायची आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. माझा डबा आक्का भरायची. आक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. झाकणाच्या आत ती घडी केलेली चिठ्ठी ठेवायची. 'आज मीठ जास्त पडलंय', 'म्हैस व्याली, रेडी झाली', असं एक-दोन ओळींचं काहीतरी. मी त्याच कागदाच्या मागं उत्तर लिहून पाठवायचो.

मराठी शिकवणाऱ्या सरांनी एकदा वर्गात मला उतारा वाचायला लावला आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे. वक्तृत्वाच्या सरावाला येत जा." मी गेलो. पहिल्या दिवशी तीन मिनिटं बोललो. सर शेवटी म्हणाले, "छान. आता एक सांग, तू हे सगळं त्या पंख्याला का सांगत होतास?"

पोरं हसली. मीही हसलो, पण माझी नजर पंख्यावरून उतरली की जमिनीवर जायची, माणसांवर जाईना.

त्याला कारण होतं. आमच्या घरात कुणी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णांशी कुणी बोलायला लागलं की ते उकिडवे बसतात, हातात एखादी काडी घेतात आणि मातीत रेघा ओढत ऐकतात. आमच्यातली दोन मोठी माणसं बोलायला बसली तर दोघंही समोरच्या बैलाकडे बघत बोलतात. बैल मधल्या मध्ये सगळं ऐकून घेतो. आणि लहानानं मोठ्याकडे मान वर करून पाहिलं, तर त्याला आमच्याकडे एकच अर्थ आहे, की पोरगं वर तोंड करून बोलायला लागलं.

आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. पुढं कालव्याचं पाणी शिवारात आलं, मेंढरं गेली, ऊस आला. पण आण्णा लहानपणी कळपामागं हिंडलेले. गावात कुणाकडे मेंढा दिसला की ते मला एक गोष्ट हमखास सांगायचे. "त्येच्या डोळ्यात बघू नगं. त्येला वाटतं, ह्यो मला बलवतुया. मग त्यो चार पावलं मागं सरतो आन येतो." मला ते इतकं पटलेलं होतं की सरांनी समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत बघायला सांगितलं तेव्हा मला साठ मेंढे दिसले.

सरांची पद्धत अशी होती. समोरच्या लोकांचे मनात तीन भाग करायचे. डावीकडचा एक माणूस निवडायचा, मधला एक आणि उजवीकडचा एक. एक वाक्य एकाला द्यायचं. "आणि वाक्य संपेपर्यंत त्याच्याकडेच बघायचं. अर्ध्यात नजर काढून घेतलीस तर त्याला वाटतं, हा माझ्याशी बोलतच नव्हता." घरी, रस्त्यात, जिथं बोलशील तिथं याचा सराव कर, असं त्यांनी सांगितलं.

मी प्रामाणिकपणे सुरू केलं. एस.टी.त कंडक्टरकडे पाहून म्हणालो, "एक सणसर द्या," आणि तो तिकीट फाडेपर्यंत पाहत राहिलो. तो म्हणाला, "काय रं, वळख हाय का आपली?" मी नाही म्हणालो. "मग असं का बघतुयास, काय हारवलं का तुजं?" मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "कालिजचं हाय ते, बघू दे." मी सणसरपर्यंत खिडकीबाहेर बघत आलो.

सराव खरा झाला तो रविवारी घरी, ओट्यावर. आक्का शेंगा फोडत बसायची, मी तिच्यासमोर उभा राहायचो. तीन माणसं पाहिजेत म्हणून डावीकडे रांजण, मधे आक्का आणि उजवीकडे बांधलेली रेडी, असे माझे श्रोते ठरले. विषय होता 'आजचा तरुण दिशाहीन आहे का?'. महिन्याभरानं इंदापुरात स्पर्धा होती.

"आरं, रांजणाकडं लईच बघतुयास," आक्का शेंगा फोडता फोडता म्हणायची. "मला धा वाक्यांत एक आलं. रेडीला एक बी न्हाय."

"रेडी मान हलवतीया, मी काय करू?"

"मग सभेत मानसं मान हलवायची न्हायत का? ती काय रांजण असत्यात?"

एका रविवारी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बाजूला हो, बस खाली. मी दावते." माझं भाषण ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. पहिली तीन वाक्यं तिनं घडाघडा म्हटली. एक रांजणाला, एक रेडीला, आणि तिसरं माझ्याकडे बघून. तिसरं वाक्य लांब होतं. ते अर्ध्यावर आलं आणि मला तिच्याकडे बघवेना. मी खाली पाहिलं. ती वाक्य पुरं करून म्हणाली, "ऐकनाऱ्यानंच नजर काढली तर काय करायचं, ते सांगितलंय का सरांनी?"

ते सांगितलं नव्हतं.

आक्कासाठी स्थळं बघणं त्या आधीच्या वर्षापासून चालू होतं. तीन पाहुणे येऊन गेले होते. तीनही वेळा काही जमलं नाही. तिनं मला एकदा सांगितलं होतं की तिघांपैकी एकाचंही तोंड तिनं पाहिलेलं नाही. पाटावर बसायचं, डोक्यावर पदर, मान खाली. "पयल्याच्या अंगठ्याचं नख काळं व्हतं. दुसऱ्याच्या चपला नव्या व्हत्या, चावत असनार. तिसरा सारखा पाय हलवत व्हता. येवढंच म्हायती मला." आम्ही दोघं हसलो होतो.

चौथं स्थळ वरकुट्याचं होतं. मुलाचं इंदापुरात शेतीच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. मोटार जळाली की तिच्यातली तार काढून नवी भरायची, ते काम. माझ्या चुलत्यांनी हे स्थळ आणलं होतं. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. घरातला कुठलाही निर्णय त्यांच्या तोंडून बाहेर पडतो.

पाहुणे रविवारी आले, म्हणून मी घरी होतो. मुलगा, त्याचे वडील, त्याचे मामा आणि फेटा बांधलेले त्याचे आजोबा, ज्यांना ते सगळे आबा म्हणत. पोहे झाले, चहा झाला. आक्का येऊन पाटावर बसली. मी दाराशी उभा होतो.

आबांनी सुरुवात केली. "बाय, शिक्शान किती झालंय?"

आक्कानं मान वर केली. आबांच्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "धाव्वी पास." आणि तिथंच बघत राहिली, वाक्य संपेपर्यंत. आबांनी फेटा सारखा केला.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग फुडं का न्हाय शिकलीस?"

तिची नजर त्यांच्याकडे गेली. "भावाला घातलं. दोघांला यस्टीनं पाठवायची सोय न्हवती."

आण्णांनी भुईवरची एक काडी उचलली.

मामा मोकळ्या स्वभावाचे वाटले. ते म्हणाले, "भाकरी येती का चांगली?"

"येती की. जेवून जावा, मंजी कळंल." हे ती मामांकडे बघून म्हणाली. डावीकडे आबा, मधे वडील, उजवीकडे मामा. सर बघत असते तर त्यांनी टाळी वाजवली असती.

मुलगा काहीच विचारत नव्हता. तरी तिनं त्याच्याकडेही पाहिलं. सावकाश, एक वाक्य बोलायला लागतो तेवढा वेळ. मुलानं मान खाली घातली आणि स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला.

मग आबा उठले, "कळवतो" म्हणाले आणि चपला घालून सगळ्यांच्या आधी तेच बाहेर पडले.

पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडून तात्या परत आले ते बोलतच. "आबा काय म्हनलं म्हायती हाय का? पोरगी डोळ्याला डोळा भिडवती, म्हनलं. कुनी शिकवलं हिला ह्ये?"

आक्का चुलीपाशी होती. मीच म्हणालो, "मी सराव करत होतो, तिनं ऐकून..."

"मंजी कालिजात ह्ये शिकतुयास व्हय? डोळं वटारायला?" तात्या आण्णांकडे वळले. "आन तुमी गप बसा. पोरगी घरात ऱ्हायली तर ह्येलाच पाटावर बसवू, भाशान करायला."

आण्णा मातीत रेघ ओढत होते. ती बरीच लांब झाली होती.

संध्याकाळची गाडी पकडायच्या आधी मी आक्काला गाठलं. "तू मुद्दाम केलंस का?"

"मुद्दाम म्हंजी? त्येंनी इचारलं, मी सांगितलं. ज्येनं इचारलं त्येच्याकडं बघून सांगायचं न्हाय, तर कुनाकडं? रांजनाकडं?" मग ती हळू म्हणाली, "त्येच्या बोटांला तारंनं कापल्याच्या खुना हायत. बारीक बारीक. मला बरा वाटला. बघितलं म्हनून कळलं."

मला वाटलं होतं ती रागावलेली असेल, नाहीतर तिला हे स्थळ नकोच असेल. तिला तो आवडला होता. आणि ज्या बघण्यामुळं आवडला त्याच बघण्यामुळं ते लोक उठून गेले होते. ते बघणं तिला मी शिकवलं होतं, मला स्वतःला येत नसताना.

त्यानंतर डबे आले, चिठ्ठ्या आल्या नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, विसरली असेल. चौथ्या दिवशी मी झाकण काढून उलटं करून पाहिलं, भाकरीच्या फडक्याची घडी उलगडून पाहिली. मी रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकली, 'काही कळलं का?' दुसऱ्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी होती आणि दुसरं काही नव्हतं. जसजसे दिवस जात होते तसतसं मला वाटत होतं की नकार आलेला आहे आणि मला कुणी सांगत नाही.

सरांना मी विचारलं, पण सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "सर, समोरच्याला बघितलेलं आवडलं नाही तर?"

सर म्हणाले, "प्रामाणिक नजर कुणाला आवडत नाही?"

शनिवारी घरी गेलो तर त्याविषयी कुणी बोलेना. मी आण्णांना विचारलं, मेंढरं राखताना तुम्ही कुणाकडे बघायचा? ते म्हणाले, "कुनाकडंच न्हाय. सगळ्या कळपावर नजर टाकून ठिवायची. मग ज्ये लंगडतंय त्ये आपसूक दिसतं. येकाकडंच बघत बसलास तर बाकीची कुठं गेली त्ये कळत न्हाय."

एकजण म्हणत होते एकेकाकडे बघ, दुसरे म्हणत होते कुणाकडेच बघू नको. दोघंही आपापल्या कामात हुशार होते. मी कुणाचं ऐकायचं?

स्पर्धेचा दिवस आला. इंदापुरात एका शाळेच्या सभागृहात ती होती. माझा नंबर अकरावा. मी मंचावर गेलो, "अध्यक्ष महाशय" म्हणालो आणि सरांच्या सांगण्याप्रमाणे डावीकडचा एक माणूस शोधायला लागलो. दुसऱ्या रांगेत वरकुट्याचे मामा बसले होते. त्यांची मुलगीही स्पर्धेत होती, हे मला नंतर समजलं. त्या वेळी मला एवढंच समजलं की ज्याला त्या स्थळाचं उत्तर माहीत आहे तो माणूस माझ्यासमोर बसला आहे आणि सात मिनिटं त्याला जागचं उठता येणार नाही.

मी पहिलं वाक्य त्यांना दिलं. ते ओळखीचं हसले, की नुसतेच हसले, ते कळेना. म्हणून दुसरं वाक्यही त्यांनाच दिलं. "मित्रहो, आज तरुणासमोर प्रश्न उभा आहे, की त्याने कुठे जावे?" मामांनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली. हा होकार असेल का? नकार असलेला माणूस माझ्यासमोर निवांत तंबाखू मळेल का? मी पुढचं वाक्य म्हणालो. त्यांनी मळलेली तंबाखू तशीच तळहातावर धरून ठेवली. मग पंख्याकडे पाहिलं, मग बाजूच्या माणसाकडे, मग परत माझ्याकडे. मी तिथंच होतो. "त्याला उत्तर कोण देणार? सांगा, कोण देणार?" हे माझ्या भाषणात लिहिलेलंच होतं. पण ते मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज सरावात कधी निघाला नव्हता. मामा उठले आणि वाकून, खुर्च्यांना धक्के देत बाहेर गेले.

उरलेलं भाषण मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत संपवलं.

नंबर आला नाही. परीक्षकांनी शेवटी सगळ्यांविषयी थोडं थोडं सांगितलं. माझ्याविषयी म्हणाले, "अकरा क्रमांकाच्या स्पर्धकाची तळमळ खरी होती. पण त्यांनी सर्व तळमळ एकाच श्रोत्यावर खर्च केली." लोक हसले. सर परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसले होते. निमगावच्या पुढं आल्यावर म्हणाले, "नजर फिरवायची असते रे. रोखायची नसते. हे सांगायचं राहिलं का माझं?"

मी म्हणालो, "नाही सर, सांगितलं होतं." मग मी त्यांना आक्काची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकताना समोरच्या सीटच्या दांड्याकडे बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "असं कुठल्या पुस्तकात नाही."

तीन दिवसांनी मी नेहमीसारखा स्टँडवर गेलो. मला आता खात्री होती की मी दोनदा नुकसान केलंय, एकदा शिकवून आणि एकदा स्वतः बघून. पिशवी घेतली आणि खोलीवर येऊन झाकण काढलं. आत चिठ्ठी होती. वहीचं अख्खं पान, चार घड्या घातलेलं. ते इथं जसंच्या तसं उतरवतो. यापेक्षा जास्त मला कळलेलं नाही.

'काल मामा स्वतः येऊन गेले. होकार आहे. मामा ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, की तुमचं पोरगं मी उठून जाईपर्यंत माझ्याकडंच बघून उत्तर मागत होतं, हातातली तंबाखू तोंडात टाकायची सुद्धा हिंमत झाली नाही. तात्या हसून हसून खोकले. मामांनी घरी जाऊन आबांना सांगितलं, काय असेल ते एकदाचं कळवून टाका. तर आबा म्हणाले, आपलं कधीच ठरलंय. पोरानं त्याच दिवशी हो म्हणून सांगितलं होतं. लगेच कळवलं तर बरं दिसत नाही म्हणून थांबले होते. मला काहीच माहीत नव्हतं म्हणून मी तुला लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

आबांचं एकच सांगणं आहे, लग्नात चार माणसांत मुलीची मान खाली असावी. तात्या लगेच बरं म्हणाले. आण्णा रेघ ओढत होते. मग त्यांनी काडी टाकली, मला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुला कसा वाटला. मी म्हणाले, बरा वाटला. हे त्यांच्याकडं बघून म्हणाले. त्यांनी पण माझ्याकडं बघितलं.

तुझ्या सरांना विचार, मान खाली घालून समोरच्याकडं कसं बघायचं, ते शिकवतात का. लग्नाच्या आधी सांग.

शेंगदाण्याची चटणी दिली आहे, दोन दिवस पुरव. आणि मागच्या मंगळवारच्या डब्याचं झाकण अजून आलेलं नाही.'